दहा हातांचा शेकडा

जमुनेच्या सासरी विहिरीत खाली उतरायचं ते पुरुषांनी आणि वर बसून मोजायचं ते बायकांनी, अशी वाटणी होती. ती कुणी केली आणि कधी केली हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि विचारायची सवडही कुणाला नव्हती. भातकुलीचं हे कुणब्याचं घर. काळी जमीन होती, बैलजोडी होती, खाऊनपिऊन बरं चाललं होतं. पण वैशाखात शेतं मोकळी पडली की घरातले पुरुष पहारी खांद्यावर टाकून गावोगाव विहिरी खणायला जात, आणि त्यांच्यामागं मोजणारी बाई जाई.

खणताना मातीचा, मुरमाचा थर संपून काळा दगड लागला की सुरुंग लावावा लागे. पहारीनं भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, दारूत घोळलेली सुताची वात बाहेर ठेवायची, आणि ती पेटवून दोरावरून झपाट्यानं वर यायचं. माणसानं काठावर पाय टेकला की मोजणारीनं मोजायला लागायचं, एका श्वासाला एक. बहुतेक वेळा तीन-चार डझन श्वासांत खालून धडाका येई. पण कधी वात मध्येच विझे. मग शेकडा भरेपर्यंत कुणी काठाकडं फिरकायचं नाही. शेकडा भरला की वात मेली असं समजायचं आणि माणसानं पुन्हा खाली उतरून भोक साफ करायचं. म्हणजे खाली जाणाऱ्याचा जीव या मोजणीवर असे. जमुनेचा नवरा किसन खाली जाई, म्हणून तो जीव किसनचा होता.

मोजायची रीत तिला सासूनं, पार्वताबाईनं शिकवली होती. उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या पेरांवरून फिरवायचा. चार बोटं, दर बोटाला तीन पेरं, अशी बारा झाली की एक हात भरला. ओटीतली एक सरकी खाली टाकायची आणि पुन्हा पहिल्या पेरापासून सुरू. दहा सरक्या पडल्या की शेकडा. यात डावा हात मोकळा राही. त्यानं पोर धरता येई, माशी हाकता येई, कुणी काठाकडं निघालं तर त्याला थोपवता येई. पार्वताबाईनं तीस वर्षं असं मोजलं. आता तिच्या डोळ्यांत फुलं पडली होती आणि काठावरची जागा जमुनेकडं आली होती. तरी म्हातारी घरी राहायची नाही. खणणाऱ्यांबरोबर यायची आणि जवळच्या लिंबाखाली बसून राहायची.

सन अठराशे चौसष्टच्या उन्हाळ्यात ही सगळी मंडळी अमरावतीत होती. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लोक आपसांत लढत होते आणि इकडं वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्याच्या त्याच्या शेतात कापूस. ज्वारी पेरणाऱ्याकडं लोक कीव केल्यासारखं बघत. कापूस पिकला, विकला गेला, आणि आता तो अकोल्याच्या वाटेनं, जिथवर आगगाडी येऊन पोचली होती तिथवर, बैलगाड्यांवरून चालला होता. अमरावतीबाहेरच्या मैदानात गाड्यांना गाड्या लागल्या होत्या. माणसं कसंबसं भागवून घेत, पण बैलांना पाणी कुठून आणायचं हे भाव वाढताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रोज एखादा बैल बसे तो उठतच नसे. तेव्हा बाजाराच्या पंचांनी मैदानाच्या कडेला विहीर घ्यायचं ठरवलं, भगवंत नावाच्या मुकादमाला काम दिलं, आणि भगवंतानं भातकुलीहून किसनला बोलावलं.

मैदानाला लागूनच मोरोपंतांचं घर. मोरोपंत मराठी शाळेतले पंतोजी. उन्हाळ्यात शाळा सकाळची, त्यामुळं दुपारी त्यांना वेळ असे, आणि वेळ असला की त्यांना आकड्यांचा नाद लागे. पोरांना पाढे पढवून ज्याला कंटाळा येत नाही असा हा माणूस. मैदानात मुलूखभरचे गाडीवान आलेत म्हटल्यावर ते वही घेऊन हिंडू लागले आणि ज्याला त्याला विचारू लागले, की तुमच्याकडं कसं मोजतात. लोकांना वाटलं उन्हानं डोकं फिरलं. पण पंत गोड बोलत, गूळ खाऊ घालत, म्हणून लोक सांगत.

एके दुपारी जेवणाच्या वेळी लिंबाखाली सगळे जमले होते. बाळापूरचा रामराव म्हणून एक गाडीवान होता, बोलायला जरा पुढं. त्यानं सांगितलं, "आमच्या टोळीत तीन इसा न सात गाड्या हायत."

"म्हणजे सदुसष्ट," मोरोपंत खुशीनं म्हणाले. "हाताची दहा, पायाची दहा. एक विसा म्हणजे एक अख्खा माणूस. झकास! वाण्याचं सोळावर चालतं, शेराचे सोळा छटाक. त्यातही गंमत आहे. सोळाचं निम्मं आठ, मग चार, मग दोन, मग एक. नुसता तराजू असला तरी निम्मं निम्मं करत एका छटाकापर्यंत उतरता येतं, वजनांचा डबा लागत नाही."

"अन् दहाचं काय मंग?" रामरावानं विचारलं. "सरकारी कागदात त सारं दहा-दहाचंच असते."

"दहा वाटायला वाईट. ही दहा भाकरी घे आणि तिघांना सारखी वाटून दाखव. नाही जमायचं. पण दहा लिहायला सोपं. एक शून्य वाढवलं की दसपट. कागद कुठंही पाठव, वाचणारा तेवढंच वाचेल. सांगणारा माणूस मेला तरी आकडा राहतो."

मग त्यांनी जमुनेकडं पाहिलं. ती पदर पुढं ओढून किसनला वाढत होती. "जमुने, तू काठावर बसून पेरं मोजतेस ना? बारा सगळ्यांत शहाणं. दोघांना वाटा, तिघांना, चौघांना, सहांना, कुठं तुकडा पडत नाही. किती हात झाले की थांबतेस?"

"दहा हात," ती म्हणाली. "शेकडा भरला की."

मोरोपंतांनी वही बाजूला ठेवली. काटकी घेऊन धुळीत आकडे काढले आणि आपल्याशीच हसले. "बारा दाहे एकशे वीस. अगं, तुझा शेकडा शंभराचा नाहीच. वीस जास्त आहेत त्यात."

गाडीवान खदखदा हसले. बाईचा शेकडा पोटुशीसारखा फुगला, असं रामराव म्हणाला आणि पुन्हा हशा झाला. जमुनेच्या कानशिलांना आग लागली. पाच वर्षं ती काठावर बसत होती. भातकुली ते बडनेरा किसनची बायको मोजणीला पक्की म्हणून नाव होतं, आणि इथं दहा गावच्या पुरुषांसमोर तिला शंभरसुद्धा येत नाहीत असं ठरलं होतं.

पंतांना तिचं तोंड दिसलं असावं. ते समजुतीनं म्हणाले, "तुझी एकटीची चूक नाही. गोवऱ्यांचा, आंब्यांचा शेकडासुद्धा असाच मोठा धरतात. वरचे वीस तुटक्याफुटक्यासाठी, नासक्यासाठी. पण तू तर श्वास मोजतेस. काळ काय आंबा आहे नासायला?"

या बोलण्यावर सगळ्यांत मोठा हशा झाला. किसनही हसला. लिंबाच्या बुंध्याशी बसलेली पार्वताबाई मात्र हसली नाही. "माही सासू दहा हात मोजे," ती म्हणाली.

"पण आजी, दहाच का? आठ का नाही, नऊ का नाही?"

म्हातारीनं आंधळे डोळे आवाजाकडं वळवले. तिला उत्तर द्यायचं होतं. "मोजे म्हून मोजे," ती म्हणाली. मोरोपंतांनी वहीत लिहिलं, की बारा पेरांची रीत उत्तम, दहा हातांचा शेकडा ही अडाण्यांची चूक. त्यांनी ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं. त्यांच्या मनात पाप नव्हतं. पाप असतं तर निदान त्यांना शिव्या तरी घालता आल्या असत्या.

जमुनेनं खरा शंभर एका दुपारी शिकून घेतला. दोन्ही हातांची बोटं मिटायची, दहा झाली की एक सरकी, दहा सरक्यांना शंभर. पंतांनी धुळीत एकावर दोन शून्यं काढून दिली आणि तिनं ती बोटानं गिरवली. गिरवताना तिला जे वाटलं ते खोटं कशाला सांगायचं, तिला फार बरं वाटलं. सात पिढ्यांत तिच्या घरात कुणी आकडा गिरवला नव्हता.

संध्याकाळी चूल विझवून भाकरी वाढताना तिनं किसनला विचारलं, "आता खरा शंभर मोजू का, का आत्याबाईचाच?"

किसन वातीसाठी सूत वळत होता. "मले काय इचारतं? तू म्हनशीन तवा मी उतरतो. तुह्या मोजन्यावर इतके वर्सं उतरलो, तवा कधी इचारलं का, किती मोजले म्हून?"

"वीस कमी होतीन."

"वीस श्वासानं काय होते! तो भगवंत त म्हनते, तुमचं हे बुढीचं मोजनं लागलं का दीस बुडते." तो हसला आणि सुताला दारू चोळत राहिला.

पार्वताबाई शेजारीच होती. तिनं सगळं ऐकलं. मध्ये बोलावं असं तिला दोनदा वाटलं असणार, कारण दोनदा तिनं घसा खाकरला. पण पंतोजीसारख्या शिकलेल्या माणसानं का म्हणून विचारलं तेव्हा आपल्याला सांगता आलं नाही, हे तिच्या मनाला लागलं होतं. तिनं भाकरीचा तुकडा दुधात कुस्करला आणि मुकाट्यानं खाल्ला.

त्यानंतर आठ सुरुंग झाले आणि आठही वेळा तिशी-चाळिशीतच धडाका आला. शंभरापर्यंत जायची वेळच आली नाही, त्यामुळं वीस कमी झाले ते कुणाला जाणवलं नाही. जमुना बोटं मिटून आकडे मोठ्यानं म्हणायची. गाडीवान आता हसत नव्हते, उलट रामराव तिच्याबरोबर मोजायला लागायचा आणि साठानंतर चुकायचा. तिची मान ताठ झाली होती. लिंबाखाली म्हातारीचा अंगठा मात्र दर सुरुंगाला आपला पेरांवरून फिरत राही. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सवयच होती.

विहीर सात पुरुष, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खोल गेली तेव्हा पाणी लागलं. लागलं म्हणजे काय, दगडाच्या चिरेतून पाझर फुटला. किसन वर आला तेव्हा त्याच्या मुठीत ओला चिखल होता. तो त्यानं सगळ्यांसमोर जमुनेच्या तळहातावर थापला, आणि बायको लाजली तशी माणसं ओरडली. मैदानभर बातमी गेली. कुणी हळदकुंकू आणलं, कुणी नारळ आणला. गाडीवानांनी बैलांचे कासरे सोडवून त्यांना आधीच काठाकडं आणायला सुरुवात केली. बैलांच्या जिभा बाहेर आल्या होत्या, त्यांना कळेना की पाणी आहे म्हणतात ते कुठं आहे.

"अजून एक सुरुंग," किसन म्हणाला. "चीर मोकळी झाली का झरा उसळून येईन. संध्याकाळी बैल पितीन."

तो उतरला. भोक पाडताना पाणी झिरपत होतं, म्हणून त्यानं दारू कापडात बांधून ठासली आणि वातीला वर मेण लावलं. मेण सगळीकडं सारखं बसलं नाही, हे त्याला तरी कुठून कळणार? वात पेटली, सरसर पुढं गेली, त्यानं दोराला हिसका दिला. चौघांनी रहाट फिरवून त्याला वर घेतलं. काठावर पाय टेकताच तो म्हणाला, "मोज."

जमुनेनं मोजायला सुरुवात केली. तिसाला काही झालं नाही. चाळीस झाले, पन्नास झाले. गाडीवान पुढं सरकायला लागले तेव्हा भगवंतानं त्यांना काठीनं मागं लोटलं. ऐंशीला सगळ्यांना कळून चुकलं, की वात विझली. पाण्यानं विझली, दुसरं काय होणार? जमुनेनं तरी एकही आकडा गाळला नाही, एकही श्वास घाईनं घेतला नाही. दहावी सरकी खाली पडली आणि ती म्हणाली, "शंभर. शेकडा भरला."

"नाही भरला," लिंबाखालून आवाज आला.

पार्वताबाई उठून उभी राहिली होती. एक हात बुंध्यावर, दुसरा पुढं धरलेला. अंगठा करंगळीकडून मोजत दुसऱ्या बोटाच्या पहिल्या पेरावर होता. "आठ हात न चार पेरं झाले. अजून बाकी हाय. थांबा."

"आत्याबाई, तो तुमचा जुना शेकडा," जमुना म्हणाली. ती रागानं बोलली नाही. लहान मुलाला समजवावं तसं बोलली, आणि पुढं जन्मभर तिला स्वतःचा तो सूर ऐकू येत राहिला. "हा खरा हाय. पंतोजीनं लिहून देला."

"काहून थांबायचं ते त सांग, बुढे," भगवंत खेकसला. "बैल मरून राह्यले इथं."

म्हातारीचा अंगठा पुढच्या पेरावर सरकला. पुन्हा तेच. का ते तिला ठाऊक नव्हतं.

किसननं आईकडं पाहिलं आणि मग बायकोकडं. विचारलं ते बायकोला. "भरला ना?"

"भरला."

तो दोराच्या फासात पाय घालून बसला आणि चौघांनी रहाट उलटा सोडला. जमुना काठाशी वाकून त्याचं पागोटं खाली खाली जाताना बघत होती. तिनं आता मोजणं सोडलं होतं. मोजत होती ती एकटी म्हातारी.

धडाका झाला तो तिच्या दहाव्या हाताच्या सातव्या पेराला.

वात विझली नव्हती, मेण न बसलेल्या ओल्या सुतात धुमसत राहिली होती. काठावरची माणसं मागं फेकली गेली. रहाटाचा एक खांब मोडला. रामरावाच्या कपाळाला दगड लागला. वर आलेल्या धुरात बैल उधळले आणि बराच वेळ मैदानात नुसता गोंधळ होता. किसनला वर काढलं तेव्हा दुपार कलली होती. त्याला कांबळ्यात गुंडाळूनच आणलं आणि जमुनेला तोंड पाहू दिलं नाही. पागोटं तेवढं कुणीतरी तिच्या हातात दिलं. ते ओलं होतं. चीर मोकळी झाली होती आणि झरा उसळून आला होता. संध्याकाळी बैल प्याले.

तेराव्यानंतर मोरोपंत भातकुलीला आले. चालत आले, वही काखेत होती, ओसरीवर बसायला सांगितलं तरी पायरीवरच बसले. जमुनेची पाच वर्षांची मुलगी कौशल्या पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो त्यांनी हातात घेतला आणि प्यायला विसरले.

शेवटी जमुनेनंच विचारलं. "पंतोजी, माह्याच्यानं एखादा आकडा सुटला का? तुमी घरातून आयकून राह्यले होते. साऱ्या मैदानात आवाज जात होता माहा."

"नाही," मोरोपंत म्हणाले. "एकही सुटला नाही. तू शंभर अगदी बरोबर मोजलेस."

दिलासा द्यावा म्हणून ते बोलले, आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, की याहून वाईट काही सांगता आलं नसतं. चूक झाली असती तर बाईला निदान ती चूक धरून रडता आलं असतं.

"मंग नासलं काय?" जमुनेनं विचारलं. "तुमी म्हनलं होतं, काळ काय आंबा हाय का नासाले."

मोरोपंतांनी मान खाली घातली. पन्नाशीचा माणूस, शाळेत ज्याच्या छडीला पोरं कापत, तो त्या पायरीवर ओक्साबोक्शी रडला. जमुनेला त्याची दया आली नाही. रागही आला नाही. तिला फक्त वाटलं, की हा आता घरी जाईल, आणि त्याच्या घरी सगळी माणसं असतील.

डोळे पुसून त्यांनी वही उघडली. अडाण्यांची चूक असं लिहिलेलं पान काढलं, ओळ खोडली, आणि पार्वताबाईला म्हणाले, "आजी, मला आता तरी सांगा. दहा हातच का? मी नीट लिहून ठेवतो."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. "मले ठाव नाही, बावा. तवाबी नोयतं, आताबी नाही. माह्या सासूनं सांगितलं, तिले तिच्या सासूनं." मग ती हळू म्हणाली, "आता वाटते, कोन्या काळी आधी आठच हात मोजत असतीन. मंग कोनाचा तरी मानूस गेला असन नवव्या हाताले, त नऊ केले. अजून कोनाचा गेला असन, त दहा केले. त्याइचे नावं इसरले सारे. मोजनं तेवढं राह्यलं."

मोरोपंतांनी वही मिटली.

"मले ठाव असतं ना," पार्वताबाई म्हणाली, "त मी त्या दिवशी दोराले मिठी मारली असती. साऱ्याइले आई-बापावरून शिव्या देल्या असत्या. पन काहून ते मले सांगता येत नोयतं. म्हून मी उभीच राह्यली. माहं पोरगं उतरून राह्यलं अन् मी नुसती मोजून राह्यली. पाच पेरं बाकी होते."

जमुनेनं तोंडात पदर कोंबला. सासूनं तिला एका शब्दानं दोष दिला नव्हता. तेरा दिवसांत नाही आणि आजही नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं तिला फार वाटलं.

मोरोपंत गेले. ती वही त्यांनी पुढं छापली नाही, असं म्हणतात. शाळेत मात्र एकापासून शंभरापर्यंत म्हणून झालं की ते पोरांना थांबू देत नसत. एकशे वीसपर्यंत न्यायचे. पोरांना वाटायचं, पंतोजीला म्हातारचळ लागला.

पुढच्या वर्षी समुद्रापलीकडची लढाई संपली आणि कापसाचा भाव असा कोसळला, की अमरावतीच्या मैदानात गाड्या मोजायला विसाही लागेनात. भरल्या विहिरीचं पाणी प्यायला पुरेसे बैल नव्हते. त्याच वैशाखात किसनच्या चुलतभावाला अकोल्याकडं एक विहीर मिळाली. त्याच्या घरात मोजणारी बाई नव्हती. तो जमुनेकडं आला आणि दारातच चाचरत उभा राहिला. विचारायचं कसं हे त्याला कळत नव्हतं.

"येतो मी," जमुना म्हणाली, तिच्या मुलखातल्या बायका बोलतात तशी. "पोरीले संगं घेऊन येतो. ह्या बुढीचे डोळे गेले तसे माहेबी जातीन एक दिवस. तिनं शिकून ठेवलं पाह्यजे."

निघायच्या आदल्या सकाळी तिनं कौशल्येला ओसरीवर समोर बसवलं. पोरीचा इवलासा अंगठा धरून करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. बारा पेरांचा एक हात. हात भरला की एक सरकी. पोर हुशार होती, लगेच जमलं. मोरोपंतांच्या बायकोनं, रमाबाईनं मध्यंतरी भातकुलीला येऊन तिला आकडेही शिकवले होते, त्यामुळं दहा सरक्या पडल्या तेव्हा ती थबकली. बोटांवर काहीतरी जुळवलं.

"माय, हे त शंभराहून जास्त झाले. वीस वर आले."

भिंतीशी बसलेल्या पार्वताबाईचा अंगठा चालायचा थांबला. तीस वर्षं जो प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता आणि विचारला तेव्हा ज्याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं, तोच आता पोरीच्या तोंडून आला होता.

"हाव, वर आले," जमुना म्हणाली. "कोनी इचारलं, हे वरचे वीस काहून, त काय सांगशीन?"

कौशल्येनं मान हलवली. तिला माहीत नव्हतं.

"सांगजो, हे माह्या बापाचे हायत. त्याचं नाव किसन होतं. अन् कोनी हसलं तरी, शिकलेला असो का सरकारचा मानूस असो, हे वीस झाल्याबिगर भरला म्हनायचं नाही. काय सांगशीन?"

"माह्या बापाचे हायत."

"नाव?"

"किसन."

"पुन्हा मोज," जमुना म्हणाली, आणि खाली पडलेल्या दहा सरक्या वेचून पोरीच्या ओटीत घातल्या.